सुकाणूचे तेल : पॉवर स्टेअरिंगचा इतिहास आणि देखभालीचे स्थान

मोटारगाडीच्या इतिहासाची मांडणी बहुधा इंजिनाच्या अंगाने केली जाते. गाडी किती वेगाने धावू लागली, हे त्या इतिहासात तपशीलवार येते. ती वळविण्यास किती बळ लागे आणि ते बळ पुढे कोणी पुरविले, हा प्रश्न मात्र तळटीपेत जातो. पॉवर स्टेअरिंगसंबंधी तर संशोधकाचे नाव व पहिल्या गाडीचे साल दिले की विषय संपला, असाच समज दिसतो. तथापि एखादे यंत्र शोधून काढणे निराळे आणि ते वर्षानुवर्षे चालते ठेवणे निराळे. या यंत्रणेच्या बाबतीत दुसरी गोष्ट जाणल्यावाचून पहिलीचाही उलगडा पुरतेपणी होत नाही, असे दाखविता येते.

या इतिहासाचा आरंभ रस्त्यावर नव्हे, समुद्रावर झाला. ब्रुनेलने आखलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज १८५८ मध्ये पाण्यात उतरले. त्याचे सुकाणू मनुष्यबळाने फिरविणे अतिशय कष्टाचे होते. जॉन मॅक्फार्लेन ग्रे याने १८६६ मध्ये पेटंट घेतलेले वाफेचे सुकाणूयंत्र पुढे या जहाजावर बसविण्यात आले. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे समुद्रातील तारायंत्राची केबल टाकण्यासाठी मुंबईस आले होते. ग्रेच्या यंत्राचे मर्म असे की, नाविकाच्या हातातील चाक प्रत्यक्ष सुकाणूला न फिरविता वाफेची झडप उघडी. आणि सुकाणू हवे तेवढे वळले म्हणजे त्याच्याच हालचालीने ती झडप पुन्हा मिटे. आज्ञा माणसाची, श्रम वाफेचे. फ्रान्समध्ये झोझेफ फार्को याने १८७३ मध्ये याच तत्त्वावर ग्रंथ लिहिला आणि अशा यंत्रास ‘सर्वो-मोतर’, म्हणजे दास्य पत्करलेले यंत्र, असे नाव दिले.

येथे शब्दांचा मागही उद्बोधक आहे. मराठीतील ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’ या नाविकी शब्दाशी संबद्ध आहे. नॉर्बर्ट वीनर याने १९४८ मध्ये नियंत्रणशास्त्रास ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले तेही सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक संज्ञेवरून. आणि जहाजाचे सुकाणूयंत्र हे अशा स्वयंनियंत्रणाचे एक आद्य उदाहरण होय, हे त्याने आवर्जून नमूद केले. एका भाषेने नियंत्या माणसाकडे पाहिले, दुसरीने राबणाऱ्या यंत्राकडे. पॉवर स्टेअरिंगचा पुढील सर्व इतिहास या दोन दृष्टींमधील नात्याचा इतिहास आहे.

मोटारीच्या सुकाणूस बाह्य बळ देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट ट्वायफर्ड याने १९०० मध्येच तसे पेटंट घेतले होते. परंतु गरज तीव्र झाली ती अवजड मालमोटारी आणि कमी दाबाचे रुंद टायर आल्यावर. दातेरी चाकांचे प्रमाण बदलून लागणारा जोर कमी करता येई. पण मग तेच वळण घेण्यासाठी चालकास चाक अधिक वेळा फिरवावे लागे. जोर वाचवावा तर चपळाई जाते, अशी ही अडचण होती.

तिच्यावर उपाय शोधला तो फ्रान्सिस डेव्हिस याने. पियर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागातील नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे लहानशी कार्यशाळा घेतली आणि जॉर्ज जेसप या कारागिराच्या साहाय्याने प्रयोग आरंभिले. झडप बंद ठेवून दाब सतत साठवावा, या रीतीऐवजी त्याने झडप उघडीच ठेवली. गाडी सरळ चालली असता तेल पंपातून निघून अल्प दाबाने परत फिरत राही. चाक वळविताच झडपेची एक वाट आवळली जाई, दाब वाढे आणि दट्ट्या चाकांना ढकली. १९२५ मध्ये ही यंत्रणा पियर्स-ॲरो गाडीवर बसली आणि १९२६ मध्ये जनरल मोटर्सशी करारही झाला.

यानंतर पाव शतक सर्वसामान्य खरीददारास ती मिळाली नाही. याचे कारण म्हणून आर्थिक मंदी दाखविण्याची प्रथा आहे आणि ती निराधार नाही. उत्पादनखर्च परवडत नाही म्हणून जनरल मोटर्सने १९३४ मध्ये करार संपविला. परंतु एवढ्याने सर्व उलगडा होत नाही, कारण १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनीशी नवा करार होऊनही खाजगी गाड्यांत ही यंत्रणा आली नाही. तिला मोठ्या प्रमाणावर वाव मिळाला तो दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांत. तेथे किमतीचा विचार दुय्यम होता आणि देखभालीसाठी शिकविलेले कारागीर हाताशी होते. पुढे क्रायस्लरने १९५१ च्या इंपीरियल गाडीत डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे ‘हायड्रागाइड’ आणले आणि लगेच १९५२ मध्ये जनरल मोटर्सलाही कॅडिलॅकमध्ये ते द्यावे लागले. सारांश, मंदीने वाट अडविली, युद्धाने यंत्रणा कसोटीस लावली, आणि पेटंटाची मुदत सरल्यावर स्पर्धेने ती बाजारात आणली.

मात्र गाडीबरोबर गाडीवाल्याच्या पदरी एक नवे कर्तव्य आले, ते तेलाचे. हे तेल दाब वाहून नेते, भागांना वंगण पुरविते, उष्णता दूर करते आणि गळती रोखणारी रबरी सिले नरम राखते. पुष्कळ उत्पादकांनी त्यासाठी स्वयंचलित गिअरपेटीचेच तेल योजिले. अशा तेलांत एके काळी स्पर्म व्हेल माशाच्या तेलाचा अंश असे. अमेरिकेने १९७० मध्ये या प्राण्याची गणना संकटग्रस्त जातींत केल्यावर रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले.

तेलाच्या निवडीत चूक किती महाग पडते हे फ्रान्समधील सित्रोएन डीएस गाडीवरून कळते. १९५५ मध्ये आलेल्या या गाडीत सुकाणू, ब्रेक व टेकू यांना एकाच द्रवयंत्रणेचा आधार होता. १९६६ पूर्वी वापरातील लाल द्रव हवेतील ओलावा शोषून घेई आणि त्यामुळे आतील भाग गंजत. १९६६ मध्ये हिरवे खनिज तेल आले. पण दोन्हींची सिले वेगळ्या रबराची असल्याने एकाच्या जागी दुसरे ओतले तर ती नासत. रंग हा येथे शोभेचा भाग नव्हता, ती सूचनेची भाषा होती.

कारागिरांचे ज्ञानही असेच चिन्हांतून घडले. चाक वळविताना पंप कण्हू लागला तर पातळी उतरली किंवा तेलात हवा शिरली, हे ते ओळखत. फेस हा हवेचाच पुरावा. हवा काढण्यासाठी पुढची चाके उचलून सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवीत. तेल वारंवार घालावे लागते याचा अर्थ ते कोठेतरी गळते, कारण ही यंत्रणा तेल खात नाही. चाक अगदी टोकाला दाबून धरू नये, कारण तेथे दाब पराकोटीला जाऊन तेल तापते, हेही ते चालकास बजावीत. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या सुकाणूस असे साहाय्य नव्हते. त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींना ही चिन्हे पुढील गाड्यांवर नव्याने शिकावी लागली.

डेव्हिसच्या रचनेत एक उणीव राहूनच गेली होती. गाडी सरळ चालली तरी पंप इंजिनाचे बळ घेतच राही. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकी सर्वो या गाडीत विजेचे साहाय्य आले. ही मोटर वळतानाच बळ देते. पंप, पट्टा, नळ्या आणि तेल या साऱ्यांची तेथे गरज उरत नाही. इंधन वाचले, गळती संपली. पण दोषाची खूण कानाला वा बोटाला न मिळता संगणकाच्या संकेतांकात मिळू लागली, आणि जो ती वाचण्याचे साधन बाळगतो त्याच्याकडे दुरुस्तीचा अधिकार सरकला.

म्हणून या यंत्रणेचा इतिहास केवळ श्रम हलके होत गेल्याचा इतिहास मानणे अपुरे ठरेल. चालकाच्या बाहूंवरील भार उतरला तो नाहीसा झाला नाही. तो पंपावर, तेलावर आणि ते तपासणाऱ्या कारागिरावर गेला. इतिहासकाराने शोधाच्या सालाबरोबर तेलाच्या डब्याचीही नोंद ठेवली, तरच दास म्हणविलेल्या या यंत्राची सेवा कोणी केली, हे पुढच्या वाचकास कळेल.