रांगत्या वेलीचं नाव

आयव्हीची छोटी कुंडी आता आपल्याकडच्या रोपवाटिकांतही दिसते. चिठ्ठीवर नाव असतं ‘हेडेरा हेलिक्स’. पहिला शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ आयव्हीच. दुसरा ग्रीक, आणि एकेकाळी तोही आयव्हीच्याच एका रूपाला लावला जाई. हा दुसरा शब्द मला फार दिवस खुणावत होता. तो या वेलीला चिकटला कसा, आणि चिकटताना त्याचा मूळ अर्थ कुठे गेला?

त्याचा माग इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात, थिओफ्रॅस्टसपर्यंत जातो. लेस्बॉस बेटावरचा हा माणूस अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य. वनस्पतींवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने आयव्हीचे, म्हणजे ग्रीकांच्या ‘किट्टोस’चे, तीन प्रकार नोंदवले आहेत: पांढरी, काळी आणि तिसरी ‘हेलिक्स’. हेलिक्सचं पान लहान, कोनेदार आणि जास्त रेखीव. बाकीच्यांचं गोलसर, साधं. आणि सगळ्यात मोठा फरक असा की हेलिक्सला फळ धरत नाही. म्हणजे हेलिक्स हे कोण्या दुसऱ्या झाडाचं नाव नव्हतं. जमिनीवरून, भिंतीवरून नुसतीच पसरत जाणाऱ्या, फुला-फळाच्या भानगडीत न पडणाऱ्या आयव्हीचं ते नाव होतं.

पण थिओफ्रॅस्टस तिथेच थांबत नाही, आणि म्हणून मला तो आवडतो. काही लोक म्हणतात की प्रत्येक आयव्ही आधी हेलिक्सच असते, असं तो नमूद करतो. तसं असेल तर हा फरक जातीचा नाही, वयाचा आणि अवस्थेचा आहे, हेही तो लिहितो. त्या निनावी लोकांचं म्हणणं खरं होतं. आयव्हीचं पोरवय आणि प्रौढपण इतकं वेगळं दिसतं की अनोळखी माणूस दोन झाडं समजेल. लहानपणी पानं तीन-पाच टोकांची, फांदी लवचीक, तिला जागोजागी बारीक मुळं फुटतात आणि ती रांगते. वर उजेडात पोचून वयात आली की त्याच वेलीच्या फांद्या ताठ होतात, मुळं फुटायची थांबतात, पानांची टोकं जाऊन ती अंडाकृती होतात. मग शरदात फुलं येतात आणि पुढे काळी फळं. खाली हेलिक्स, वर किट्टोस, आणि खोड एकच.

आता शब्दाकडे. ‘हेलिक्स’ म्हणजे वळलेलं, पिळा घेतलेलं काहीही. त्याच्या सुरुवातीला एकेकाळी ‘व’ होता. ग्रीकमध्ये तो पुढे गळून पडला. तो परत बसवला की आपल्या घरातली मंडळी दिसू लागतात. संस्कृतातला वल् धातू, त्याचं वलय, मराठीतलं वळणं हे सगळं याच मूळ कुळातलं. वल्ली या शब्दाचा संबंधही अनेक जण वल् धातूशीच जोडतात. म्हणजे ‘हेलिक्स’ हा शब्द वाटतो तितका परका नाही.

मात्र एक अडचण आहे. आयव्ही पिळा घालून चढतच नाही. शेंगेचा वेल काठीभोवती फेरे घेत जातो, काकडी तणाव्यांनी धरते. आयव्ही मुळांनी भिंतीला चिकटते. चार्ल्स डार्विनने 1865 साली चढणाऱ्या वनस्पतींवर दीर्घ निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही तिला मुळांनी चढणाऱ्यांतच धरलं. मग वळण कुठलं? माझी समजूत अशी की हे नाव चढण्यावरून आलं नसावं, भटकण्यावरून आलं असावं. आधार मिळेपर्यंत रांगती आयव्ही जमिनीवर नागमोडी वाट काढत जाते. ती चाल ज्याने पाहिली त्याने हे नाव ठेवलं असेल.

ग्रीकांना या वेलीचं वेड होतं, कारण ती मद्याचा देव डायोनायसस याची. अलेक्झांडरची फौज भारताच्या वायव्य सीमेवर न्यासा गावाजवळ पोचली, तेव्हा मेरोस डोंगरावर आयव्ही पाहून सैनिक हरखले आणि त्यांनी तिच्या माळा डोक्यात घातल्या, असं इतिहासकार एरियन सांगतो. हिमालयात आजही आयव्ही आहे. तिची जात वेगळी, नाव ‘हेडेरा नेपालेन्सिस’. तिकडे बॅबिलोनच्या बागांत अलेक्झांडरचा खजिनदार हार्पलस याने आयव्ही लावायची खटपट पुन्हा पुन्हा केली, पण ती काही जगली नाही. हे थिओफ्रॅस्टसनेच नोंदवून ठेवलं आहे.

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात हेलिक्सला तिसरा प्रकार म्हणून पुढे नेलं. मग 1753 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘स्पीसीज प्लांटेरम’ छापलं आणि सगळ्या आयव्हीला एकच नाव दिलं. हेलिक्स हा शब्द त्याने मोठ्या अक्षराने लिहिला, कारण त्याच्या लेखी ते विशेषण नव्हतं, वनस्पतीचं जुनं नाव होतं. पण त्या क्षणी पोरवयाचं नाव अख्ख्या जन्माला लागलं.

शब्द मात्र केव्हाच इतरत्र पसरला होता. आर्किमिडीजने वर्तुळाकार वाढत जाणाऱ्या रेषेवर ग्रंथ लिहिला तो याच नावाने. कानाच्या बाहेरच्या वळलेल्या कडेला शरीरशास्त्रात हेलिक्स म्हणतात. 1861 साली फ्रान्समध्ये पाँतों दामेकूरने ‘हेलिक्स’ला पंख या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून हेलिकॉप्टर घडवलं. जोड ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा आहे. आपण ‘हेलिपॅड’ म्हणताना शब्द भलत्याच जागी तोडतो. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, ती दुहेरी हेलिक्स.

युरोपातले माळी आयव्हीच्या वयात आलेल्या भागाची फांदीही लावतात. ती रांगत नाही. मुळांनी भिंत धरत नाही. छोट्या झुडपासारखी उभी वाढते, फुलते, फळते. थिओफ्रॅस्टसने हेलिक्सबद्दल जे लिहिलं त्याच्या नेमकी उलट. तिच्या कुंडीवरच्या चिठ्ठीतही लिहिलेलं असतं, हेडेरा हेलिक्स.