दोन दोऱ्या आणि चार खुंट्या

मोझांबिक हा देश आपणांस वाटतो तितका परका नाही. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. २५ जून १९७५ रोजी तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा दहांतील नऊंहून अधिक माणसे निरक्षर होती. तशात १९७७ पासून यादवी पेटली, ती ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम येथील तहापर्यंत शमली नाही. शाळा जाळल्या गेल्या. लक्षावधी लोक घरदार सोडून परागंदा झाले. अशा संहारातून वाचलेल्या मुलाला गणित शिकवायचे, तर प्रारंभ कोठून करावा?

स्वातंत्र्यानंतर तेथे जाऊन स्थायिक झालेले पाउलुस गेर्डेस हे मूळचे डच गणितज्ञ. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या अंगणात शोधले. तेथील शेतकरी घराचा पाया आखताना सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या घेतो व त्या मध्यावर एकमेकींना बांधतो. घराच्या रुंदीइतका बांबू जमिनीवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांशी खुंट्या ठोकतो, प्रत्येक खुंटीला एकेका दोरीचे टोक बांधतो आणि दोऱ्या ताणतो. उरलेली दोन टोके जेथे पोहोचतील, तेथे उरलेले दोन कोपरे. गुण्या नाही, कोनमापक नाही, तरी चारही काटकोन बिनचूक!

काटकोन येतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तो का येतो, हा प्रश्न गेर्डेस भावी शिक्षकांपुढे ठेवीत. ज्या चौकोनाचे कर्ण समान असून परस्परांना दुभागतात तो आयत होय, हा सिद्धांत मग दोरीतूनच उलगडे. विणलेल्या चौकोनी गुंडीतून तर ते पायथागोरसच्या सिद्धांतापर्यंत नेत. कारागिराच्या हातात गणित गोठलेले असते, असे ते म्हणत.

कोणी म्हणेल, हे गणित सोपे करणे झाले. वस्तुतः सिद्धता येथेही द्यावीच लागते. तिच्यातून सुटका नाही. फरक पडतो तो मुलाच्या मनात. परकीय राजवटीने त्याला शिकविले होते की तुझ्या पूर्वजांना बुद्धी नव्हती. युद्धाने त्याचे घरही नेले. त्याच मुलाला कळते की आपला बाप घर आखताना भूमितीच करीत होता. उद्ध्वस्त गावात घर पुन्हा उभे करावयाचे असते, आणि मनही. दोघांचा पाया एकाच दोरीने आखता येतो, हे केवढे भाग्य!