नेमबाजीचा खर्च : धातू, खप आणि पुनर्वापर

'कॅलिबर' म्हणजे ढोबळमानाने नळीचा अंतर्व्यास. 'काडतूस' म्हणजे गोळी, दारू, ती पेटवणारा प्राइमर आणि या तिन्हींना धरून ठेवणारी पुंगळी यांचा संच. 'खर्च' या शब्दाने येथे एका बाराची किंमत अभिप्रेत आहे, पिस्तुलाची नव्हे. विवेचनाचे क्षेत्र अमेरिकेतील नागरी बाजारपेठ. तेथे काडतुसांची पन्नासाची खोकी खुलेपणाने विकली जातात, म्हणून तुलना शक्य होते.

खर्चाचे पहिले कारण धातू. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड. .22 लाँग रायफलची गोळी साधारण 40 ग्रेनची, 9 मिमीची 115 ची, .45 एसीपीची 230 ची. अर्थात एका पौंडात पहिलीच्या 175, दुसरीच्या सुमारे 60 आणि तिसरीच्या अवघ्या 30 गोळ्या होतात. स्वस्ताईचा क्रमही हाच. मात्र .45 चे काडतूस दुप्पट महाग असतेच असे नाही. शिसे दुप्पट झाले तरी प्राइमर एकच लागतो.

हा नियम .380 एसीपीपाशी मोडतो. व्यास 9 मिमीइतकाच, गोळी बहुधा 95 ग्रेनची, पुंगळी आखूड. तरीही हे काडतूस सामान्यतः 9 मिमीपेक्षा महाग पडते. येथे दुसरे कारण, खप, प्रभावी ठरते. 9 मिमी हे नाटोचे प्रमाण काडतूस. अमेरिकी सैन्याने 1985 मध्ये त्याचे पिस्तूल स्वीकारले, पोलीसही तेच वापरतात. त्याची यंत्रे थांबत नाहीत. .380 ची मागणी मुख्यतः खिशातल्या पिस्तुलांपुरती. .38 स्पेशलचीही गत हीच.

तिसरे कारण जमिनीवर पडलेले असते. दोन रिकाम्या पुंगळ्या उचलून त्यांचे बूड पाहावे. 9 मिमीच्या बुडाच्या मध्यभागी प्राइमरवर खळगा दिसतो; तो प्राइमर काढून नवा बसवता येतो आणि पितळ पुन्हा भरता येते. .22 मध्ये प्राइमरचे द्रव्य काठातच असते. आघाताने काठ चेपला की पुंगळी भंगारात जाते. घरी काडतुसे भरणाऱ्यांना .45 परवडू लागते, कारण तिचा दाब कमी आणि पितळ दीर्घकाळ टिकते. आपल्या श्रमाचे मोल ही मंडळी हिशेबात धरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मग सरावासाठी .22 चे दुसरे पिस्तूल घ्यावे काय? समजा ते 300 डॉलरचे आहे आणि दर बारामागे 20 सेंट वाचतात. तर किंमत 1500 बारांनी, म्हणजे तीस खोक्यांनी वसूल होते. वर्षाला दोन खोकी उडवणाऱ्याने ते घेऊ नये.