इथेच का? : यवतच्या वाटेने भूगोलात

दहावीपर्यंतचा भूगोल प्रामुख्याने ‘कुठे’ ते सांगतो. नदी कुठे उगम पावते, कापूस कुठे पिकतो, कोळसा कुठे सापडतो. अकरावीत आले की विषय तोच राहतो, पण प्रश्न बदलतो : ‘इथेच का?’ हा प्रश्न एकदा मनात रुजला की रोजची एसटीची वाटसुद्धा अभ्यासाला येते. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे स्वागत एखाद्या दूरच्या खंडाच्या नकाशाने करण्यापेक्षा दौंड तालुक्यातल्या यवतपासून करावे, असे मला वाटते.

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून निघते आणि यवतला मुक्कामी येते. त्या रात्री गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मात्र पुण्यातून निघून दिवे घाट चढते आणि सासवडला उतरते. दोघींना पंढरपूरच गाठायचे आहे. मग वाटा दोन कशा? दोन्ही वाटांच्या मध्ये भुलेश्वरची डोंगररांग आहे. तिच्या दक्षिणेचे पाणी कऱ्हेतून नीरेला मिळते, उत्तरेचे पाणी मुळा-मुठेला आणि भीमेला. तुकोबांची पालखी या टप्प्यात हा डोंगर उजव्या हाताला ठेवून भीमेच्या खोऱ्याने जाते. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत गेलेल्या रेल्वेनेही हेच खोरे धरले. पुणे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो आणि खडकवासल्याचा उजवा कालवाही. भक्तांची दिंडी, इंग्रजांचे इंजिन, आजचा ट्रक आणि धरणाचे पाणी, चौघांनाही सोपा उतार हवा होता. तो त्यांना एकाच पट्ट्यात मिळाला.

हे कागदावर पाहायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा उघडा. त्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा डोंगरापाशी एकमेकींना खेटून येतात, तिथे चढ उभा असतो. नदीकडे त्या दूर दूर पांगतात, तिथे रान सपाट असते. आता पाण्याचा रंग बघा. बारमाही पाणी निळे दाखवतात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने. डोंगरातून उतरणारे ओढे काळे दिसतात आणि त्यांना आडवा छेद देत जाणारा कालवा निळा. निसर्गाने दिलेले पाणी पावसाळ्यापुरते आहे आणि माणसाने आणलेले पाणी त्यानंतरही वाहते, एवढी मोठी गोष्ट दोन रंगांत सांगून झाली. कालव्याची रेघ समोच्च रेषांच्या जवळजवळ बरोबरीने का चालते, तेही बोट फिरवून पाहा. पाणी पंपाविना पुढे न्यायचे तर उतार हळूहळूच उतरावा लागतो.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, दौंडच्या बाजूला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीवर ओझे उतरवून आलेल्या ढगांकडे आपल्यासाठी थोडेच उरते. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. अँडीजच्या पूर्वेला पॅटागोनिया कोरडा आहे, तो याच नियमाने. तरीही पर्जन्यछायेतल्या या मुलखात ऊस उभा आहे आणि यवत-केडगावच्या गुऱ्हाळांतून गुळाचा वास येतो. ही कालव्याची किमया आहे. पण ज्या धरणसाखळीचे पाणी आपल्या उसाला मिळते, तीच पुणे शहराची तहान भागवते. शहर वाढले की शेताच्या आवर्तनाचा प्रश्न उभा राहतो. शेतातही पाणी बेताने दिले नाही तर क्षार साचून जमीन चोपण होते. मध्य आशियात कापसासाठी नद्यांचे पाणी वळवले आणि अरल समुद्र आटत गेला. शेत, शहर आणि नदी यांचा हिशेब एकत्र मांडायला शिकणे हा बारावीच्या ‘प्रादेशिक विकास’ या घटकाचा गाभा आहे.

हा हिशेब मांडणाऱ्यांची परंपरा आपल्या पुणे जिल्ह्यात जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, हे त्यांनी जुनी दप्तरे आणि चालू मोजणी जुळवून दाखवले. पुढे ना. वि. कानिटकरांबरोबर त्यांनी शिरूरकडच्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास केला, तो १९२१ साली आला. पुस्तकातल्या ‘मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन’ या धड्याला घरोघर जाऊन केलेल्या अशा कामाचा आधार असतो. तुमच्या गावचा सातबारा, विहिरींची पाणीपातळी, आठवडे बाजारात कुठून कुठून माल येतो याची नोंद, ही कामे सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला सहज जमतील अशी आहेत. नीट केली तर ती संशोधनच ठरतात.

अकरावीत तुम्हाला भूहालचाली, विदारण, हवामान प्रदेश आणि महासागर भेटतील. बारावीत लोकसंख्या, वस्ती आणि आर्थिक क्रिया. हे धडे सुटे वाटले तर पुन्हा यवतच्या पट्ट्याकडे या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट, त्याच्या विदारणातून झालेली काळी माती, त्या मातीतला ऊस, उसाच्या तोडणीला बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारी कुटुंबे : विदारणाचा धडा चालत चालत स्थलांतराच्या धड्यापाशी येऊन पोहोचतो. महाराष्ट्राचा भूगोल असाच सलग वाचणाऱ्या प्रा. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिन, १४ जानेवारी, आपण भूगोल दिन म्हणून पाळतो.

परीक्षा द्यायची आहेच, उत्तरे नेटकी लिहायची आहेतच. पण पहिल्या सहामाहीतच एका सकाळी नकाशा घेऊन भुलेश्वरच्या डोंगरावर जा. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला लावा. समोर रूळ, रस्ता आणि कालवा ओळखा, त्यापलीकडे भीमेची दिशा शोधा. मग पायाखालच्या, कोरड्या पडणाऱ्या ओढ्याची काळी रेघ नकाशावर शोधून तिथे पेन्सिलीने एक बारीक खूण करा. तुमचा भूगोल त्या खुणेपासून सुरू होईल.