गवताचा पूल, १७८०

जून महिना. ओढ्याच्या कडेला पहाटे धरलेली बर्फाची पापडी अजून विरघळलेली नाही. पेरूच्या डोंगराळ मुलखात, कुस्कोच्या दक्षिणेला, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, केहुए गावाखाली तुम्ही घळीच्या काठावर बसला आहात. चार पावलं टाकली तरी धाप लागते. खाली आपुरिमाक नदी गर्जते आहे. नावाचा अर्थच ‘बोलणारा देव’.

दोन-अडीचशे वर्षं मागे आलो, असं तुम्हाला वाटत असेल. इथल्या केचुआ भाषेत मात्र तुम्ही पुढे आला आहात. ‘न्यौपा’ म्हणजे समोरचं, आणि गेलेल्या काळालाही हाच शब्द. होऊन गेलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून ते समोर. यायचं ते पाठीमागे.

बायका कोया नावाचं लांब, चिवट गवत भिजवून दगडानं ठेचतात आणि तळव्यांत पीळ देऊन त्याचं सुंभ वळतात. तुमच्या शेजारची म्हातारी तुम्हालाही मूठभर गवत देते. तुमचं सुंभ दोनदा उसवतं. ती ते हातातून काढून घेते, पुन्हा वळते. आम्ही असं वळतो, म्हणते. ‘न्योकायकू’: आम्ही, म्हणजे तुम्ही सोडून. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ जसे वेगळे, तसेच ते केचुआतही.

पुलाजवळ बायकांनी जायचं नाही, हा नेम. खाली पुरुष या सुंभांचे पेड घालून मांडीएवढी जाड चऱ्हाटं करताहेत: चार पायाखाली, दोन हाताला धरायला. सुमारे २८ मीटरांची घळ. गेल्या वर्षीचा पूल तोडून नदीत सोडला, गवतच ते, पाण्यातच कुजेल. उद्या दोन विणकर दोन्ही टोकांकडून बसत बसत विणत निघतील आणि मधोमध भेटतील.

दुपारी फडक्यावर चुन्यो येतो: रात्री गारठवून, दिवसा उन्हात वाळवून, पायांनी तुडवलेले बटाटे. खाताना बोलणं पोतोसीकडे वळतं. सात पुरुषांमागे एक तिथल्या चांदीच्या खाणीत वेठीला जातो, कित्येक आठवड्यांची वाट, बायकापोरांसह. कितीतरी घरं परतलीच नाहीत. स्पॅनिश अधिकारी वर अव्वाच्या सव्वा दरानं खेचरं आणि कापड गळ्यात मारतो. तुंगासुकाचा एक कुराका, म्हणजे गावप्रमुख, तोही खेचरांच्या तांड्यांचा धनी, तीन वर्षांपूर्वी वेठ माफ करा म्हणून लिमापर्यंत गेला होता. कुणी ऐकलं नाही.

त्या माणसाला जग तुपाक आमारू म्हणून ओळखणार आहे. नोव्हेंबरात तो याच स्पॅनिश अधिकाऱ्याला, आरियागाला, फासावर चढवेल. पुढच्या मे महिन्यात कुस्कोच्या चौकात त्याची बायको मिकाएला बास्तिदास आणि तो, दोघांनाही क्रूरपणे मारतील. निकालपत्रात असंही लिहिलेलं असेल की या लोकांनी आपली भाषा सोडून स्पॅनिश शिकावी.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, कारण तुम्ही त्यांच्या पाठीमागून आला आहात. म्हातारीची नजर समोर आहे, जुन्या पुलाच्या रिकाम्या जागेवर. सांगावं का? घशाशी आलेला शब्द तुम्ही गिळता.

ऊन कलतं. खालून हाक येते, सुंभ कमी पडतंय. म्हातारी न बघताच ओल्या गवताची पेंढी तुमच्याकडे सरकवते. अंधाराआधी संपवू, म्हणते, आणि या वेळी तिच्या तोंडी ‘न्योकांचिस’ येतं. आपण.

तुम्ही दोन पेड तळव्यांत धरता.