चाकणचा खंदक आणि रिकामं तळं

चाकण म्हटलं की आपल्याला १६६० आठवतं. फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाइस्तेखानाविरुद्ध ऐन पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने लढवला. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक. शत्रूसाठी खणलेल्या त्या खड्ड्यात पावसाचं पाणीही थांबे.

आता भोवती औद्योगिक वसाहत आहे. पूर्वी शेतात मुरणारं पाणी पत्र्यांवरून, डांबरावरून थेट ओढ्यात उतरतं. त्यावर छोटा बांध आणि पुराचं तळं हा उपाय आहेच. पण इथं एक पेच आहे. जवळचं भामा-आसखेड धरण भरलेलं असावं असं आपल्याला वाटतं, कारण ते पुण्यालाही पाणी देतं. पुराच्या तळ्याचं उलट. ते सरीआधी रिकामं हवं, सरीत भरावं आणि लहान मोरीतून सावकाश ओसरावं. ते साठ्यासाठी भरून ठेवलं, तर पुढच्या पावसाला जागा कुठली?

आणि रिकामी जागा दिसली की आपण भराव टाकतो. खंदकही बराचसा असाच बुजला. म्हणून तळं खणण्याआधी, वर्षातले आठ महिने कोरडी दिसणारी ती जमीन कामाचीच आहे, हे आपण विकास आराखड्यात लिहून घ्यायला हवं.