गोड शेवटाची मंजुरी

गेल्या उन्हाळ्यात आमची पुतणी बंगळूरहून चार दिवसांसाठी इंदूरला आली आणि जाताना एक इंग्रजी पुस्तक उशाशी ठेवून गेली. दूरध्वनीवर आठवण करून दिली तेव्हा म्हणाली, "राहू द्या काका, तुम्हीच वाचा. त्यात काहीच घडत नाही, म्हणून ते चांगलं आहे." काहीच न घडणारे कागद वाचण्यातच आमची अडतीस वर्षे शासकीय सेवेत गेली असल्यामुळे ही शिफारस आम्हांस फारशी मोहक वाटली नाही. तरीही वैशाखातील दुपारी लांब असतात. पुस्तक हाती घेतले आणि दोन दिवसांत संपविले.

ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाची 'लेजेंड्स अँड लाटेज' ही ती कादंबरी, २०२२ साली प्रसिद्ध झालेली. तिची नायिका राक्षसकुळातील एक धिप्पाड योद्धी आहे. आयुष्यभर तलवार चालवून ती कंटाळते, तलवार भिंतीवर टांगते आणि ज्या गावात कोणी कॉफीचे नावही ऐकलेले नाही अशा गावी कॉफीचे दुकान थाटते. सुतार मिळतो, फळ्या कापल्या जातात, उंदरासारखा दिसणारा एक अबोल कारागीर दालचिनीचे गोड पाव भाजू लागतो. दुकानात हाताशी आलेल्या तांद्री नावाच्या स्त्रीवर नायिकेचे हळूहळू प्रेम जडते. मध्ये एकदा दुकान जळते, परंतु मित्रमंडळी जमून ते पुन्हा उभे करतात. दोघी एकत्र राहतात. संपले. त्यांच्या प्रेमाबद्दल गावात कोणी ब्र काढीत नाही, कोणी शिक्षा देत नाही, कोणी मरत नाही.

सेवानिवृत्त मनुष्याला ही सेवानिवृत्त योद्धी आवडावी यात नवल नाही. तथापि पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट मनात राहिली. दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा आम्ही यापूर्वीही वाचली होती, रंगभूमीवर पाहिली होती. परंतु अशी कथा सुखाने संपते, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हलक्याफुलक्या, ऊबदार साहित्याला कमी लेखण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. वास्तविक आपले पहिले कथाश्रवण तसल्याच गोष्टींचे. श्रावणातल्या कहाण्यांत आटपाट नगर असते, दुःख येते, जाते आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. पुढे हेच काम छापील विनोदी कथेने केले. बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको की, चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चिं. वि. जोशी हे त्यांच्याच नगरीत अध्यापन करणारे पालीचे गाढे अभ्यासक होते. 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३० च्या दशकातले. मास्टर विनायक यांनी १९४० साली चिंविंच्या कथेवरून 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला. लग्न जमविण्याची ती धांदल आपल्या आजी-आजोबांनी पोट धरून हसत पाहिली. त्या हसण्यामागे एक निश्चिंती होती. घोटाळे कितीही झाले तरी शेवटी अक्षता पडणार, हे सर्वांस ठाऊक होते. ही निश्चिंती मात्र सगळ्यांसाठी नव्हती. एका प्रकारच्या प्रेमाला ती मिळत नव्हती, आणि न मिळण्याची कारणे साहित्यिक नसून बऱ्याच अंशी सरकारी होती.

याचा सर्वांत लख्ख पुरावा अमेरिकेत सापडतो. तेथे १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यान्वये 'अश्लील' मजकूर टपालाने पाठविणे गुन्हा ठरले होते. १९५२ साली मॅरिजेन मीकर या तरुण लेखिकेने व्हिन पॅकर या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' ही दोन महाविद्यालयीन मुलींच्या प्रेमाची कादंबरी लिहिली. प्रकाशन संस्थेच्या संपादकांनी तिला स्पष्ट बजावले की, शेवट सुखाचा चालणार नाही. पुस्तके टपालाने जातात. अशा प्रेमाचे भले झालेले दाखविले तर टपाल खाते ती जप्त करील. म्हणून कादंबरीतील एका मुलीच्या मनाचा तोल ढळतो आणि दुसरीला आपले प्रेम खरे नव्हतेच असा साक्षात्कार होतो. पुस्तक लाखोंनी खपले. वाचणाऱ्या कित्येक मुलींनी स्वतःचे भविष्य म्हणून तो शेवट वाचला असेल. तो लेखिकेच्या प्रतिभेने ठरविलेला नव्हता, तर टपाल खात्याच्या भीतीने, हे त्यांना कोण सांगणार?

त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' आली. दुकानातील एक विक्रेती आणि एक विवाहित स्त्री यांची ही कथा. त्या स्त्रीला आपल्या मुलीच्या ताब्यावर पाणी सोडावे लागते. परंतु शेवटी दोघी पुन्हा भेटतात, आणि पुढे एकत्र राहतील अशी आशा वाचकास मिळते. एवढ्याशा आशेसाठी लेखिकेने क्लेअर मॉर्गन हे खोटे नाव घेतले होते. पुस्तक आपलेच आहे हे त्यांनी १९९० च्या आवृत्तीवर स्वतःचे नाव घालून उघड केले. वाचकांची पत्रे त्यांच्याकडे वर्षानुवर्षे येत राहिली. कारण दुःखान्ताखेरीज दुसरा शेवट संभवतो, हे त्या वाचकांना एका कादंबरीने सांगितले होते.

आता आम्हां माळवेकरांच्या अंगणातील गोष्ट. इंदूरहून देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर. चामुंडेची टेकडी लांबूनच दिसू लागते. देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार तिसरे यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार प्रथम १९१२-१३ च्या भारतयात्रेत आले आणि पुन्हा १९२१ साली काही महिने खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्या वर्षी राजवाड्यात पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात उतरला, आणि देवासच्या पत्रांचे पुस्तक 'द हिल ऑफ देवी' १९५३ साली निघाले. एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, त्यांच्याजवळ एक पुरी झालेली कादंबरी होती आणि ती ते छापीत नव्हते.

'मॉरिस' हे तिचे नाव. पहिल्या भारतयात्रेहून परतल्यावर १९१३ साली फॉर्स्टर डर्बीशायरमधील मिलथॉर्प येथे एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताला भेटले. कार्पेंटर आणि त्यांचे मित्र जॉर्ज मेरिल हे दोघे तेथे उघडपणे एकत्र संसार करीत होते. त्या घरातून फॉर्स्टर कादंबरीचे बीज घेऊन निघाले आणि १९१४ साली ती पुरी झाली. एक मध्यमवर्गीय तरुण प्रथम केंब्रिजमधील मित्रावर आणि पुढे एका शिकारखान्याच्या रखवालदारावर प्रेम करतो. शेवटी रखवालदार परदेशी जाणारी बोट सोडून देतो आणि दोघे एकत्र राहण्याचा निश्चय करतात. असल्या कथेत निदान दोन माणसे सुखी झालीच पाहिजेत, असा फॉर्स्टर यांचा आग्रह होता. पुढे लिहिलेल्या टिपणात त्यांनी हेही नमूद केले की, शेवट शोकाचा केला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते. त्यांच्या देशात ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. शिक्षा न भोगणारी पात्रे म्हणजे कायद्याचा अवमान. लिटन स्ट्रॅची यांच्यासारख्या मित्रालाही हे प्रेम फार दिवस टिकेल असे वाटले नाही. दोघे लाकूडतोडे होऊन रानात राहत असल्याचा एक उपसंहार फॉर्स्टर यांनी लिहिला होता, तो मात्र त्यांनीच काढून टाकला. शेवट त्यांनी बदलला नाही.

स्त्री-पुरुषांच्या प्रेमाविषयीच लिहीत राहण्याचा कंटाळा त्यांनी १९११ मध्येच दैनंदिनीत नोंदविला होता. १९२४ नंतर उरलेल्या ४६ वर्षांत त्यांनी एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीचा अहवाल आला, १९६७ साली कायदा सैल झाला, ७ जून १९७० रोजी फॉर्स्टर वारले आणि १९७१ साली 'मॉरिस' प्रसिद्ध झाली. एक गोड शेवट ५७ वर्षे खणात पडून होता. १९८७ साली मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांनी त्यावर चित्रपट काढला.

देवासचा एक अध्याय मात्र गोड नाही, आणि तो गाळणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२१ मध्ये फॉर्स्टर यांनी आपल्या स्वभावाची गोष्ट महाराजांना सांगितली. महाराजांनी तिरस्कार केला नाही. गावात बोभाटा होऊ नये एवढी काळजी घेतली. परंतु राजवाड्यातील एका न्हाव्याशी जो संबंध जुळला, त्यात एक साहेब आणि दुसरा चाकर होता. पुढे आपण त्या मुलाशी क्रूरपणे वागलो, अशी कबुली फॉर्स्टर यांनी स्वतःच एका टिपणात दिली. ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. कादंबरीत ज्याने बरोबरीचे सुख लिहिले, त्याला प्रत्यक्षात सत्ता हाती येताच बरोबरी साधली नाही. त्या न्हाव्याची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही.

आपल्या भाषेतही या विषयावर धैर्याने लेखन झाले आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा आत्मनाशाकडे जाते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत बहीण-भाऊ एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांना सोडून जातो. दुःख खोल आहे, तरी माणसे जगतात. या कृतींना आम्ही दोष देत नाही. समाज जसा होता तसा तेंडुलकरांनी दाखविला. खंत एवढीच की, आमच्या पिढीच्या वाचकाला दीर्घकाळ दुसरा शेवट दिसलाच नाही, आणि एकच शेवट वारंवार पाहिला की तो निसर्गनियम वाटू लागतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७७ वे कलम या नियमाला शिक्का देत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा आवळले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. म्हणजे चिंविंच्या कथेतील अक्षता अजून दूरच आहेत.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. १९९० च्या दशकात एका जिल्हा कार्यालयात आमच्या हाताखाली एक कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, नोंदी चोख. एका शिक्षक मित्रासमवेत ते अनेक वर्षे एकाच घरात राहत. एके दिवशी निनावी अर्ज आला. निनावी अर्जावर कारवाई करू नये हे आम्हांस ठाऊक होते. परंतु चहाच्या टेबलावर लोक हसू लागले आणि आम्हीही हसलो. नोटशीटवर आम्ही एक ओळ लिहिली : प्रशासकीय कारणास्तव बदली प्रस्तावित. बदली राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. कार्यभार सोपवून ते निरोप घेण्यास आले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, माझ्या कामात काही चूक होती का?" आम्ही नाही म्हणालो. पुढे त्या दोघांचे काय झाले, याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

अमेरिकेतील टपाल खात्याच्या निरीक्षकांविषयी वाचताना ती ओळ आठवली. आपण नियमाने वागत आहोत, असे त्यांनाही वाटत असणार. ज्यांच्या वाट्याला असे शेवट आले, त्यांनी कॉफीच्या दुकानाची निवांत गोष्ट वाचली तर तिला पलायन म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांस उरलेला नाही. दार उघडावे, पाव भाजावे, संध्याकाळी आपल्या माणसाबरोबर हिशेब करावा आणि कोणी अर्ज करू नये, एवढेच त्या गोष्टीत आहे. आमच्या कारकुनाने यापेक्षा अधिक काही मागितले नव्हते.

आपल्या जुन्या कुटुंबांत, मग ती ग्वाल्हेरची असोत, बडोद्याची की हैदराबादची, 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न फार जपला गेला. परमुलखात नाव राखावयाचे म्हणून कदाचित अधिकच. ज्या घरांनी भाषा आणि कुळाचार दोन-दोन शतके जपले, त्यांना आपल्या एखाद्या मुलाचे वा मुलीचे सुख जपणे अशक्य नसावे.

पुतणी ते पुस्तक विसरून गेली की मुद्दाम ठेवून गेली, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही. विचारणारही नाही, सांगावयाचे असेल तेव्हा ती सांगेल. येत्या दिवाळीला ती येणार आहे. एकटीने यावे की कोणाला बरोबर आणावे, हे तिचे तिने ठरवावे, असे आम्ही तिला पत्राने कळविले आहे. फराळाला दोन पाट मांडण्यास आमच्याकडे जागा आहे, हेही त्यात लिहिले आहे.